शनिवारची गर्दी आणि टेबलावरचं स्टेशन

ब्रिटनमधल्या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनांत एक स्टेशन पुन्हापुन्हा भेटतं. नावं बदलतात, कधी ती सरळ काल्पनिकच असतात, पण मांडणी ओळखीची असते: दोन फलाट, एक छोटी सिग्नल केबिन, मालाच्या डब्यांसाठी एखाद-दुसरी सायडिंग, रुळांच्या शेवटी बफर आणि त्यापलीकडे रंगवलेला समुद्र. काळ बहुतेक वेळा 1950 च्या दशकातला. एवढ्या मोठ्या रेल्वेजाळ्यातून हौशी लोकांनी नेमका हाच तुकडा का उचलला असेल? ‘जुन्या आठवणी’ हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच.

ब्रायटनला लंडनहून गाडी आली 1841 मध्ये, स्कार्बरोला यॉर्कहून 1845 मध्ये, ब्लॅकपूलला 1846 मध्ये. तोवर समुद्रस्नान ही पैसेवाल्यांची आणि आजाऱ्यांची चैन होती. 1871 च्या कायद्याने बँकांना ठरावीक सुट्ट्या दिल्या आणि हळूहळू त्या सगळ्यांच्याच झाल्या. लँकेशरच्या कापडगिरण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे प्रत्येक गावाचा सुट्टीचा आठवडा ठरलेला असे, ‘वेक्स वीक’ म्हणत त्याला. त्या आठवड्यात गिरण्या बंद, आणि गावच्या गाव ब्लॅकपूलच्या वाळूवर. पुढे 1938 मध्ये पगारी रजेचा कायदा आला. लगेच युद्ध सुरू झाल्यामुळे त्याचं खरं पीक निघालं ते 1945 नंतर.

रेल्वे कंपन्यांनी या गर्दीसाठी हात सैल सोडला. ब्लॅकपूल सेंट्रलला चौदा फलाट होते. स्कार्बरोच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांसाठी 139 मीटर लांबीचा बाक बसवला गेला. तो अजून आहे. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने 1908 मध्ये स्केग्नेससाठी जॉन हॅसलकडून वाळूवर उड्या मारणाऱ्या गुबगुबीत मासेमार कोळ्याचं पोस्टर करून घेतलं. ते इतकं गाजलं की तो कोळी त्या गावाची ओळखच होऊन बसला.

सगळी मेख मात्र शनिवारात होती. किनाऱ्यावरच्या खाणावळवजा घरांतल्या खोल्या शनिवार ते शनिवार अशा भाड्याने मिळत. त्यामुळे आठवडाभर राहायला आलेले सगळे एकाच दिवशी निघत आणि नवे सगळे त्याच दिवशी येऊन पोचत. उरलेले सहा दिवस, आणि हिवाळाभर तर जवळजवळ रोजच, त्या फलाटांवर शुकशुकाट. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून सुटणारी ‘अटलांटिक कोस्ट एक्स्प्रेस’ वाटेत तुटत तुटत जाई. तिचे काही डबे इल्फ्राकूमला, काही ब्यूडला, काही थेट पॅडस्टोला पोचत. उन्हाळ्यातल्या शनिवारी तीच गाडी एकामागून एक अशा अनेक भागांत सोडावी लागे.

ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी मार्च 1963 च्या आपल्या अहवालात या शनिवारचा हिशोब मांडला. 1959 साली जलद गाड्यांसाठी ठेवलेल्या सुमारे 18,500 डब्यांपैकी 6,000 डबे वर्षातून जास्तीत जास्त अठरा वेळा वापरले जात होते. त्यांच्यावरचा वार्षिक खर्च 34 लाख पौंड आणि त्यांची कमाई 5 लाख पौंड. आकडे वाचल्यावर हिशेबनिसाचा राग येत नाही, हे कबूल करायला हवं. अहवालात 2,363 स्टेशनं बंद करण्याच्या यादीत होती आणि किनाऱ्यावरच्या शाखांना त्याचा मोठा फटका बसला. ब्लॅकपूल सेंट्रल नोव्हेंबर 1964 मध्ये बंद झालं, सीटन 1966 मध्ये, पॅडस्टो 1967 मध्ये, स्वॉनेज 1972 मध्ये. तोवर लोकांच्या दारात मोटारी आल्या होत्या, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी शेवटच्या गाडीला जेवढी गर्दी झाली तेवढी त्याआधी कित्येक वर्षांत झाली नव्हती.

आता टेबलाकडे येऊ. ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालणारं माप म्हणजे ‘डबल ओ’. त्यात खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे साधारण 1:76. युरोपातलं ‘एचओ’ माप फुटाला साडेतीन मिलिमीटरचं आहे. ब्रिटनमधले बोगदे आणि पूल अरुंद, म्हणून इंजिनंही लहान. गाडी चालवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटारी साडेतीनच्या मापाच्या इंजिनात मावेनात. तेव्हा वरचं इंजिन फुगवलं आणि खालच्या रुळांमधलं अंतर तसंच 16.5 मिलिमीटरवर ठेवलं. मापाने ते 18.83 हवं. ही तडजोड आजही काही मंडळींच्या डोळ्यांत खुपते आणि ती योग्य अंतराचे रूळ हाताने जुळवत बसतात.

या मापात एक प्रवासी डबा साधारण पंचवीस सेंटिमीटरचा होतो. बारा डब्यांच्या गाडीला नुसता फलाटच तीन मीटर लागेल. चौदा फलाटांचं ब्लॅकपूल घरात बांधणं ही गोष्टच सोडा. तीन डब्यांची शाखेवरची गाडी मात्र पुस्तकांच्या फळीवरही मावते. शिवाय हे टोकाचं स्टेशन. रूळ एकाच बाजूने बाहेर जातात, ती बाजू पुलाआड किंवा इमारतीआड दडवली की पुरे. मागे लपवलेल्या रुळांवर गाड्या हाताने बदलायच्या आणि पुन्हा ‘लंडनहून’ पाठवायच्या. रूळ इथेच का संपले, याचं कारणही समुद्र आयतं देतो. त्यात गाडी आली की इंजिन सोडवायचं, सांधे बदलून बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचं, पुन्हा जोडायचं: गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा हाताला कितीतरी जास्त काम. ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले सिरिल फ्रीझर यांनी 1950 च्या दशकात लहान जागेसाठी असे आराखडे छापून ही रीत घरोघर पोचवली.

आणि शनिवार? बीचिंग यांनी जो तोटा म्हणून मोजला, तोच इथे सगळ्यात मोलाचा. एरवी दोन डब्यांच्या गाडीवर भागणाऱ्या स्टेशनात उन्हाळ्याच्या शनिवारी दूरदूरच्या विभागांचे, वेगवेगळ्या रंगांचे, जुनेपाने डबे येऊन उभे राहत. छोट्या मांडणीत इतकी विविधता आणायला ‘जुलैमधला शनिवार’ एवढी सबब पुरते. माझ्या मते ही शैली टिकली ती यामुळे. नुसती हळहळ असती तर ती आठवणी असलेल्या पिढीबरोबर संपली असती, पण आज असली स्टेशनं बांधणाऱ्या कित्येकांचा जन्मच ती बंद पडल्यानंतरचा आहे.

आणखी एक गंमत म्हणजे हा छंद पुरवणारे कारखानेही समुद्रकाठचेच. फ्रँक हॉर्नबी यांनी लिव्हरपूलमध्ये 1920 साली खेळण्यातल्या आगगाड्या आणल्या, 1938 मध्ये डबल ओ मापाची ‘हॉर्नबी डब्लो’ आली. (मुंबईच्या हॉर्नबी रोडचा, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्याचा, यांच्याशी संबंध नाही, तो अठराव्या शतकातला गव्हर्नर विल्यम हॉर्नबी.) प्रतिस्पर्धी ‘ट्राय-अँग’ने 1954 मध्ये केंट परगण्यातल्या मार्गेट या सुट्टीच्या गावी कारखाना नेला आणि दहा वर्षांनी हॉर्नबीलाच गिळलं. 1990 च्या दशकात उत्पादन चीनकडे जाईपर्यंत गाड्या तिथेच बनत. मार्गेटच्या 1926 च्या स्टेशनाचं श्रेय ज्या वास्तुविशारद मॅक्सवेल फ्राय यांना दिलं जातं, ते पुढे चंदीगडच्या उभारणीत होते. रूळ बनवणारी ‘पेको’ कंपनी डेव्हनच्या किनाऱ्यावर, बंद पडलेल्या सीटनच्या शेजारच्याच गावात आहे. सीटनच्या जुन्या रेल्वेमार्गावर आता ईस्टबर्नहून आणलेली छोटी ट्राम धावते.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलं आहे त्यांना फरक चटकन जाणवेल. तिथे एक अख्खं धावतं शहर उभं आहे, सतत काही ना काही चालू. ब्रिटिश मांडणीत पाचपाच मिनिटं काहीच हलत नाही, आणि पाहणारेही कुरकुर न करता उभे असतात.

काही स्टेशनं वाचली. स्वॉनेजची शाखा स्वयंसेवकांनी पुन्हा रूळ टाकून चालू केली. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजची शाखा बंद करायला मंत्री बार्बरा कासल यांनी 1966 मध्ये नकार दिला, तरी 1971 मध्ये तिथलं जुनं स्टेशन पाडून त्या जागी मोटारींचा तळ केला आणि एकच साधा फलाट ठेवला. मग गावातल्या अरुंद गल्ल्यांत मोटारींची इतकी कोंडी झाली की 1978 मध्ये त्याच मार्गावर लेलंट सॉल्टिंग्ज नावाचं नवं स्टेशन उघडावं लागलं. मोटार तिथे ठेवायची आणि सेंट आइव्हजला गाडीने जायचं, अशी ही सोय 2019 पर्यंत चालली.