घुणाक्षरे आणि फासे : ‘योगायोग’ या उत्तराची पार्श्वभूमी

लाकूड पोखरणाऱ्या घुणकिड्याच्या रेघांतून क्वचित एखादे अक्षर उमटते. किड्याला अर्थातच लिहिता येत नसते. संस्कृतातल्या या घुणाक्षरन्यायामागचा प्रश्न, म्हणजे हेतूवाचून, निव्वळ योगायोगाने काही अर्थपूर्ण घडू शकते का, हा जीवसृष्टी आणि विश्व यांच्याबाबत फार जुन्या काळापासून विचारला जात आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभीच जगाच्या कारणांची छाननी करताना काळ, स्वभाव आणि नियती यांच्या जोडीला ‘यदृच्छा’, म्हणजे निव्वळ योगायोग, हेही एक संभाव्य कारण म्हणून पुढे येते आणि बाजूला सारले जाते. ग्रीक अणुवाद्यांनी पोकळीत फिरणाऱ्या अणूंच्या टकरींतून, कोणत्याही हेतूवाचून, जग घडले असे मांडले. त्यांना उत्तर म्हणून रोमन विचारवंत सिसेरोच्या इ.स.पू. ४५ मधील एका संवादात एक पात्र विचारते, की अक्षरांचे असंख्य ठसे जमिनीवर ओतले तर त्यांतून एनियस या रोमन कवीच्या काव्याची एक ओळ तरी जुळेल का? या सगळ्या उपमांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जे काही जुळायचे ते फाशांच्या एकाच दानात जुळले पाहिजे.

विज्ञानाच्या बाजूने हा वाद काहीसा उलट्या दिशेने सुरू झाला. कुजक्या मांसात अळ्या आपोआप होतात ही समजूत फ्रान्चेस्को रेडी यांनी १६६८ मध्ये जाळीने झाकलेल्या बरण्यांच्या साहाय्याने खोडली आणि १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांनी वाकड्या मानेच्या काचपात्रांतील प्रयोगांनी सूक्ष्मजीवांबाबतही तेच दाखवले. जीव जीवापासूनच होतो हे पक्के झाल्यावर पहिल्या जीवाचे कोडे मात्र अधिकच अवघड झाले. डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथाने एका जीवापासून अनेक प्रकारचे जीव कसे झाले हे सांगितले. आरंभाबद्दल त्यांनी १८७१ मध्ये मित्र हूकर यांना लिहिलेल्या खासगी पत्रात अमोनिया, फॉस्फरसयुक्त क्षार, उष्णता आणि वीज असलेल्या एका कोमट तळ्याची कल्पना तेवढी केली. तिला रासायनिक आराखडा दिला तो १९२४ मध्ये अलेक्झांडर ओपारिन यांनी आणि १९२९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे.

शिकागो विद्यापीठात हॅरोल्ड युरी यांच्याकडे संशोधन करणाऱ्या स्टॅनली मिलर या विद्यार्थ्याने १९५२ मध्ये ही कल्पना काचेच्या नळ्यांत उतरवली. एका चंबूत पाणी उकळत होते आणि त्याची वाफ मिथेन, अमोनिया व हायड्रोजन यांच्यासह दुसऱ्या चंबूत जाऊन विजेच्या ठिणग्यांमधून फिरत होती. एका दिवसात पाणी गुलाबी झाले, आठवड्याअखेर ते गडद लाल आणि गढूळ झाले. त्यात ग्लायसीन आणि ॲलानीन ही अमिनो आम्ले सापडली, म्हणजे प्रथिनांचे कच्चे सुटे भाग. आदिम वातावरणात मिथेन आणि अमोनिया इतक्या प्रमाणात नसावेत, हा आक्षेप पुढे आला आणि तो रास्तही आहे. मात्र १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केतही अमिनो आम्ले मिळाल्यावर, हे सुटे भाग मुळात दुर्मीळ नाहीत, हे मान्य करावे लागले.

सुटे भाग मिळाले म्हणजे यंत्र मिळाले असे नाही, आणि नेमका हाच मुद्दा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी आकड्यांत मांडला. एका जीवाला लागणारी सुमारे २,००० एन्झाइमे (जीवातील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) योगायोगाने एकत्र येण्याची शक्यता त्यांनी १ वर ४०,००० शून्ये इतक्यांत एक अशी काढली. भंगाराच्या ढिगावरून वादळ जावे आणि त्यातून बोइंग ७४७ तयार व्हावे, ही त्यांचीच उपमा. गुणाकारात चूक नाही, चूक आहे ती एकाच दानाच्या जुन्याच गृहीतकात. शंभर फासे एकदम टाकून सगळ्यांवर सहा पडण्याची वाट पाहिली, तर विश्वाचे वय पुरणार नाही. पण सहा पडलेले फासे बाजूला ठेवून उरलेलेच पुन्हा टाकले, तर सरासरी तीसेक दानांत काम होते. निसर्गात हे ‘बाजूला ठेवण्याचे’ काम डार्विन यांची नैसर्गिक निवड करते: उपयोगी बदल टिकतात आणि पुढच्या पिढीत जातात.

अर्थात निवडीसाठी आधी स्वतःची नक्कल करणारे काहीतरी हवे, आणि पहिली नक्कल होण्यापूर्वी फासे कोण राखून ठेवत होते, या प्रश्नाला डार्विनकडे उत्तर नाही. १९८० च्या दशकात थॉमस चेक आणि सिडनी आल्टमन यांनी आरएनए हा रेणू माहिती साठवण्याबरोबरच रासायनिक क्रियाही घडवू शकतो असे दाखवले, तेव्हा ही दरी थोडी अरुंद झाली. त्याबद्दल दोघांना १९८९ चे नोबेल मिळाले. पण असा रेणू आदिम पृथ्वीवर स्वतःहून कसा तयार झाला, हे अजून पूर्णपणे उलगडलेले नाही.

विश्वाच्या बाबतीत मात्र फासे राखून ठेवण्याची युक्ती चालत नाही, आणि येथेही हॉईलच भेटतात. ताऱ्यांत हेलियमची तीन अणुकेंद्रके जुळून पुरेसा कार्बन तयार व्हायचा, तर कार्बनच्या अणुकेंद्रकाला एका ठरावीक ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे, असे त्यांनी १९५३ मध्ये सांगितले आणि कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञांना ती ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ सापडली. ती बरीच सरकली असती तर कार्बन फारच थोडा झाला असता. अशा जुळण्यांना भौतिकशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी १९७३ मध्ये क्राकूव्हच्या परिषदेत वेगळे वळण दिले: निरीक्षक असायचा, तर त्याला निरीक्षकाला पोषक असेच विश्व दिसणार. कोणी यातून असंख्य विश्वांकडे वळले, तर कोणी हेतूकडे. माझ्या मते दोन्ही बाजू एक पायरी गाळतात. फाशाला सहा बाजू असतात हे ठाऊक असते, म्हणून दानाची शक्यता काढता येते. निसर्गाच्या स्थिरांकांना, म्हणजे भौतिक नियमांतल्या ठरावीक आकड्यांना, किती ‘बाजू’ असू शकतात हे कोणालाच ठाऊक नाही, आणि पाहायला आपल्या हाती एकच दान आहे.