सायकॉलॉजी की बिहेवियरल न्यूरोसायन्स: फ्यूज कोण ओढतो, मीटर कोण बघतो

बारावीचे निकाल लागले की बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दोन प्रकारचे पाहुणे येतात. काही पेढे घेऊन येतात, काही मुलीला घेऊन. दुसऱ्या प्रकारच्या काकूंचं वाक्य मला आता पाठ झालंय. "ही सायकॉलॉजी म्हणत होती गं, आता बिहेवियरल न्यूरोसायन्स म्हणते. एकच ना ते? तू तेच केलंस ना?"

मी बिहेवियरल न्यूरोसायन्स केलं, बाहेरदेशी जाऊन, आणि ते दोन्ही एकच नाही. "मग मेंदूची डॉक्टर का?" तेही नाही. ती न्यूरॉलॉजिस्ट. तिला एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम करावं लागतं. हा गोंधळ एवढ्यावर मिटतो, त्यात वेळ घालवू नये.

सायकॉलॉजी तुम्हाला माहीत आहे. शिकणं, स्मृती, व्यक्तिमत्त्व, विकार, चाचण्या, थोडी सांख्यिकी. आर्ट्सच्या मुलांनाही घेता येते. आपल्या सयाजीराव विद्यापीठात तर तिची चूल शिक्षणशास्त्राबरोबर, फॅकल्टीचं नावच एज्युकेशन अँड सायकॉलॉजी. बिहेवियरल न्यूरोसायन्स या नावाची पदवी मुख्यत्वे उत्तर अमेरिकेत दिसते, बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नमध्ये किंवा व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझरमध्ये. तिच्यात रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र चुकत नाही, म्हणून बारावीला बी ग्रुप, म्हणजे जीवशास्त्राचा, असलेला बरा. हे सगळं माहितीपत्रकात मिळतं.

माहितीपत्रकात जे मिळत नाही त्यावरच सगळे आपटतात. बहुतेकांची समजूत अशी की सायकॉलॉजी मनाची आणि न्यूरोसायन्स मेंदूची. किंवा त्याहून वाईट म्हणजे, सायकॉलॉजीत मेंदूच्या भागांची नावं घातली की न्यूरोसायन्स तयार. अहो, हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला सायकॉलॉजीच्या मुलांनाही पाठ असतात, तिथेही जैविक मानसशास्त्राचा पेपर असतो. नावं तीच. प्रयोगात हात कशाला लावायचा आणि नजर कशावर ठेवायची, फरक तिथे आहे.

आमच्या जुन्या घरात जिन्याखाली लाकडी बोर्ड होता, त्यावर पांढऱ्या किटकॅट फ्यूजची रांग. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा हे कोणीच लिहून ठेवलं नव्हतं. मग आजोबा खाली एकेक फ्यूज ओढायचे आणि आम्ही पोरं वरून ओरडायचो, "माजघर गेलं!" बाबांची रीत वेगळी. ते मीटरसमोर उभे राहायचे आणि आईला इस्त्री लावायला सांगायचे. इस्त्री लागली की मीटरचं चाक भरभर फिरायचं. बाबा खूश.

आजोबा करत होते ते बिहेवियरल न्यूरोसायन्स. मेंदूला हात लावायचा, म्हणजे एखादा भाग बंद करायचा, चेतवायचा किंवा एखादं रसायन अडवायचं, आणि नजर वागण्यावर ठेवायची. बाबा करत होते ते कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्सचं नेहमीचं काम. माणसाला काहीतरी करायला लावायचं आणि नजर मेंदूवर ठेवायची. एफएमआरआय, म्हणजे काम करतानाच्या मेंदूचं स्कॅन, हे त्यांचं मीटर. तेही चेतापेशींचं नाही, रक्तातल्या प्राणवायूच्या बदलाचं, आणि त्याचा काटा पाच-सहा सेकंद उशिराने वर चढतो. सायकॉलॉजीवाला बोर्डाकडे फिरकतच नाही. तो आईची इस्त्री काढून घेतो आणि आई काय करते ते बघतो. हसू नका, तोही चोख प्रयोग आहे.

इस्त्री लावली की चाक जोरात फिरतं, यावरून इस्त्री कुठल्या फ्यूजवर चालते हे कळत नाही. मीटर सोबत दाखवतं, कारण दाखवत नाही. 'प्रेमात पडल्यावर मेंदूचा अमुक भाग उजळतो' असली बातमी वाचली की मला ते चाक दिसतं. फिरतंय खरं, पण त्या भागावाचून प्रेम अडतं का? ते विचारायचं तर फ्यूज ओढावा लागतो, आणि माणसाचा फ्यूज सहसा कोणी ओढू देत नाही. म्हणून ही पदवी उंदरांची आहे. काकू इथे हमखास "शी!" म्हणतात.

फ्यूज ओढणं सोपं, त्याचा अर्थ लावणं महाकठीण. एकदा आजोबांनी फ्यूज ओढला आणि तासाभराने स्वयंपाकघरातला नळ आटला. धाकट्या काकाने जाहीर केलं, हा पाण्याचा फ्यूज! होता तो मोटरचा. टाकी भरली नाही म्हणून पाणी गेलं. पदवीची तीन-चार वर्षं खरं म्हणजे हा काका होऊ नये म्हणून घालवायची असतात.

मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणलेली पाण्याची टाकी घ्या. गोल हौद, दूध घालून गढूळ केलेलं पाणी, आणि पृष्ठभागाच्या जरा खाली लपवलेला एक चौथरा. धडधाकट उंदीर काही खेपांत भोवतालच्या खुणांवरून चौथरा कुठे आहे ते शिकतो आणि सरळ तिकडे पोहतो. हिप्पोकॅम्पस निकामी केलेला उंदीर शोधत फिरत राहतो. झालं, 'हिप्पोकॅम्पस म्हणजे जागेची स्मृती' असं लिहून मोकळे? थांबा. कदाचित त्याला नीट दिसत नसेल, पोहता येत नसेल, किंवा बाहेर पडायची इच्छाच नसेल. म्हणून तोच चौथरा पाण्यावर दिसेल असा ठेवतात. आता तोच उंदीर सरळ तिकडे जातो. डोळे, पाय, इच्छा सगळं शाबूत, गेलं ते फक्त न दिसणाऱ्या जागेचं भान. माझ्या दृष्टीने खरा प्रयोग हा दुसरा आहे, आणि गाइडांमध्ये नेमका तोच गाळलेला असतो.

पुढे आणखी शंका. कवटी उघडल्यानेच उंदीर बिथरला असेल तर? मग काही उंदरांवर तीच शस्त्रक्रिया करायची, पण मेंदूचा भाग शाबूत ठेवायचा. त्या भागातून भलतीकडे जाणाऱ्या तारा तुटल्या असतील तर? मग नुसत्या पेशी मारणारं आणि आरपार जाणारे तंतू सोडणारं रसायन वापरायचं. बोर्डामागच्या वायरींचं जंगल ज्याने पाहिलंय त्याला हे समजावं लागत नाही.

अर्थात सगळंच या चौकटीत बसत नाही. १९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी आल्यावरच बोलणाऱ्या पेशी सापडल्या, तेव्हा ते बाबांसारखे मीटरच बघत होते. त्याच कामासाठी त्यांना २०१४चं नोबेल मिळालं. बाबांची रीत कमी दर्जाची नाही. तिला आजोबांची रीत समजणं, एवढीच माझी तक्रार.

एवढीच म्हटलं, पण आणखी दोन आहेत. पहिली, 'अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र'. एसएम या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका बाईंचे दोन्ही अमिग्डाला दुर्मिळ आजाराने नष्ट झाले होते. साप, कोळी, भुताटकीचा वाडा, कशाचीच त्यांना भीती वाटेना. मग २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एका श्वासापुरती दिली, आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. फ्यूज नसताना दिवा लागला! बाहेरून येणारं भय आणि शरीराच्या आतून उठणारं भय यांच्या वायरी एक नाहीत.

दुसरी, 'डोपामिन (मेंदूतलं एक रसायन) म्हणजे आनंद'. मांडवीजवळ सेव-उसळ खाताना मित्र "डोपामिन हिट!" म्हणाला की माझा घास अडतो. १९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर यांचे उंदीर मेंदूत विजेचा झटका मिळावा म्हणून दांडी दाबत राहिले, आणि लोकांनी 'आनंदाचं केंद्र' जाहीर करून टाकलं. पुढे केंट बेरिज यांनी डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर पाहिले. ते आपण होऊन खायला जाईनात, पण जिभेवर गोड ठेवलं की पूर्वीसारखेच जिभल्या चाटत. हाव गेली, गोडी राहिली. नुसतं मीटर बघून हे कधी कळलं असतं?

तर मुलीने काय घ्यावं? माणसांशी बोलायचं असेल, समुपदेशनाकडे जायचं असेल, तर सायकॉलॉजीच, आणि त्यात कमीपणा वाटून घेऊ नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती उंदीर पोहवून मिळत नाही. फ्यूजच ओढायचे असतील आणि परदेशचा खर्च झेपत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे. इथेच झूऑलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री घ्या, सांख्यिकी मनापासून शिका आणि मग मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रासारख्या ठिकाणांकडे बघा. आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्सची एमएससी आहे, जवळही आहे, पण नावाकडे नीट बघून जा, ते कॉग्निटिव्ह आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना इथे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे नियम लागू होतात आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, तेव्हा पहिल्याच वर्षी हातात उंदीर येईल अशी आशा धरू नका.

गेल्या जूनमध्ये आलेल्या मुलीने हे सगळं ऐकून एकच विचारलं, "दिसणारा चौथरा आधी ठेवायचा की नंतर?" ती झूऑलॉजीला गेली. तिची आई रावपुऱ्यात भेटली की अजून सांगते, लेक सायकॉलॉजी करतेय.