पोत्यावरचे प्रथिन आणि कोटीपोटातले प्रथिन

कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की गोठ्यात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) येतात आणि वाढ्यांच्या जोडीला पेंडीचे नाहीतर कांडी खाद्याचे पोते. पोत्यावर छापलेले असते, ‘प्रथिने किमान २० टक्के’. हा आकडा नमुन्यातला नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणला की मिळतो. नत्र मोजायची केल्डाल यांची पद्धत १८८३ सालची, आणि ती आजही चोख चालते. पण युरियात नत्र ४६ टक्के असतो. म्हणजे याच हिशेबाने युरियात ‘प्रथिने’ २८७ टक्के भरतात! नत्र किती आहे एवढेच हा आकडा सांगतो. त्यातले कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, जिथे जंतू खाद्य मोडतात) किती मोडेल आणि न मोडता पुढे किती जाईल, हे जित्या जनावराच्या आत पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या ‘आत पाहण्या’ची हकिकत पावणेतीनशे वर्षांची आहे, आणि त्यात एक साधी पिशवी पुन्हा पुन्हा येते.

१७५२ मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाळलेल्या घारीला धातूच्या नळीत मांस घालून गिळायला दिले. घार न पचलेले ओकून टाकते, त्यामुळे नळी परत मिळाली. आतले मांस विरघळत आलेले होते. नळीमुळे ते चिरडले जाणे शक्य नव्हते, म्हणजे पोट अन्न नुसते दळत नाही, त्यात रस असतो. इटलीतल्या स्पालांझानीने याच शतकात पुढची मजल मारली. अन्न कापडी पिशवीत शिवून त्याने स्वतःच गिळले आणि पिशवी बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली.

मग आला १८२२ सालचा अपघात. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. जखम भरली, पण जठराला बाहेरून भोक राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट याने १ ऑगस्ट १८२५ रोजी गोमांस, डुकराचे मांस, शिळा पाव आणि कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. तासाभरात पाव आणि कोबी निम्मे गेले, मांस तसेच. काही तासांनी सेंट मार्टिनला अस्वस्थ वाटू लागले, डोके दुखू लागले आणि दोरा ओढून काढावा लागला. पुढे बोमाँटने जठररस बाटलीत काढून, शरीराइतक्या ऊबेत ठेवून तेच करून पाहिले. बाटलीत मांस विरघळले, पण पोटापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेऊन. १८३३ च्या त्याच्या पुस्तकात असे २३८ प्रयोग आहेत. आमच्या मते त्यातला खरा धडा त्या डोकेदुखीत आहे: पाहण्याची क्रियाच पचन बिघडवते, आणि हे गृहीत न धरता काढलेला आकडा फसवा निघतो.

रवंथ करणाऱ्या जनावरांकडे वळायला फार वेळ लागला नाही. १८३० च्या दशकात फ्लूराँसने मेंढ्यांच्या कोटीपोटाला भोक पाडून पाहिले, १९२८ मध्ये नॉर्थ डाकोटात शाक आणि ॲमडॉन यांनी गाईंवर तपशीलवार काम केले. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्विन आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या कोटीपोटात रेशमी पिशव्या टांगल्या. रेशमाची जागा नायलॉनने घेतली, आणि स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेत ओर्स्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७७ व १९७९ मध्ये या पद्धतीला गणिताची शिस्त लावली.

आज ती अशी चालते. गाईच्या डाव्या भकाळीला (बरगड्या आणि मांडी यांमधल्या खोलगट भागाला) जागा बधिर करून गोल छेद घेतात, कोटीपोटाची भिंत कातडीला शिवतात आणि जखम जुळली की सुमारे १० सेंमी व्यासाची झाकणाची नळी बसवतात. नळी सैल बसली तर रस झिरपून कातडी सोलवटते, घट्ट बसली तर कडेची कातडी सडते. पिशवी १० बाय २० सेंमीची, छिद्रे ४० ते ५० मायक्रॉनची. त्यात अडीच मिलिमीटरच्या चाळणीतून दळलेला ५ ग्रॅम वाळका नमुना. पिशवीचे कापड दोन्ही बाजू धरून ४०० चौ. सेंमी, म्हणजे दर चौ. सेंमीला साडेबारा मिलिग्रॅम. याहून जास्त ठासले तर मधला गोळा कोरडाच राहतो. पिशव्या वजनाला बांधून ४, ८, १२, २४, ४८ तास आत ठेवायच्या, काढल्या की थंड पाण्यात निवळ पाणी येईपर्यंत धुवायच्या, ६० अंशांवर वाळवून तोलायच्या.

चुका बहुधा इथेच होतात. छिद्रे बारीक असली तर जंतूंच्या बुळबुळीने बुजतात, आत वायू कोंडतो आणि पिशवी तरंगते. मोठी असली तर न पचलेली पूड गळून जाते आणि पचली म्हणून मोजली जाते. म्हणून एक पिशवी कोटीपोटात न घालता नुसती धुऊन तोलतात. ही ‘शून्य तासा’ची पिशवी वगळलेला निकाल वाचूच नये. शिवाय जनावराजनावरात फरक फार, त्यामुळे किमान तीन जनावरे लागतात.

आकड्याचा उपयोग असा. समजा दोन पेंडींत ३० टक्के प्रथिन लगेच विरघळते आणि आणखी ६० टक्के हळूहळू मोडू शकते. पहिलीचा मोडण्याचा वेग ताशी १० टक्के, दुसरीचा ४, आणि खाद्य कोटीपोटातून पुढे सरकण्याचा वेग दोन्हींत ताशी ५. हिशेब केला तर पहिलीतले ७० टक्के कोटीपोटात मोडते, दुसरीतले सुमारे ५७. पोत्यावर दोघींचा आकडा एकच! शेंगपेंड साधारण पहिलीसारखी वागते, सरकी पेंड दुसरीच्या बाजूला झुकते. ‘बायपास’ प्रथिनाची, म्हणजे कोटीपोटात न मोडता पुढे जाणाऱ्या प्रथिनाची, सगळी कल्पना या फरकावर उभी आहे.

मात्र गाय काय खाते यावर आकडा हलतो. नुसत्या वाढ्यांत प्रथिन इतके कमी की जंतूंनाच नत्र पुरत नाही आणि तंतू मोडणे मंदावते. वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, पण ते मोडणारे जंतू हळूहळू वाढतात, म्हणून वाढे एकदम न देता दोनेक आठवड्यांत वाढवत न्यावेत आणि खनिज मिश्रण चालू ठेवावे. पिशवीच्या प्रयोगातही गाईला आधी तेवढेच दिवस तेच खाद्य द्यावे लागते. कडब्यावरच्या गाईत काढलेला आकडा वाढ्यावरच्या गोठ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतात. नोंदणीकृत संस्था आणि नीतिमत्ता समिती यांशिवाय नळी बसवता येत नाही. भोक टाळायचे म्हणून टिली आणि टेरी यांची १९६३ ची काचपात्रातली पद्धत वापरतात, पण तिलाही ताजा कोटीपोटरस लागतोच. तो तोंडातून नळी घालून काढायचा असेल तर पहिला २०० मिली ओतून द्यावा. त्यात लाळ मिसळलेली असते आणि सामू (पीएच) आहे त्यापेक्षा वर दिसतो.