कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही

लडाखला निघालेल्या बऱ्याच मराठी ग्रुपच्या सामानात कापराची पुरचुंडी असते. ती हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा समज आहे. तसं होत नाही. कापराने नाकात थंडावा जाणवतो आणि श्वास मोकळा वाटतो, बस्स.

लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच, पण दाब कमी. त्यामुळे दर श्वासात तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच मिळतो. शरीराला हे जुळवून घ्यायला वेळच लागतो. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम करा, खारदुंग ला ही आणखी उंचावरची खिंड नंतर. (बेत आखताना नेमके हेच दिवस कापले जातात!) दर रविवारी सह्याद्री चढणाऱ्यांनाही यातून सूट नाही. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर पुरचुंडी शोधत बसू नका. लगेच खाली उतरा.