जॅक, पहार आणि पावणेसहा टन

रावेर-सावद्याकडून केळी भरून निघालेल्या दोन आसांच्या ट्रकच्या मागच्या आसावर नियमानुसार 11.5 टनांपर्यंत भार असू शकतो. त्या आसाच्या एका बाजूचा टायर पंक्चर झाला, तर ड्रायव्हर आणि क्लीनर या दोघांना रस्त्याच्या कडेला सुमारे पावणेसहा टन उचलावे लागतात, आणि तेही माल न उतरवता व शक्य तितक्या लवकर, कारण कापलेली केळी उन्हात वाट पाहत नाहीत. हे काम वीतभर उंचीचा बाटली जॅक करतो. तो ते कसे करतो हे नीट समजले, तर वेळ नेमका कुठे वाचवता येतो आणि कुठे वाचवता येत नाही, हेही कळते.

सुरुवात हँडलपासून करू, कारण जॅकचे हँडल ही एक तरफच आहे. तिचा टेकू एका टोकाला असतो, टेकूपासून साधारण 3 सेंटीमीटरवर एक लहान दट्ट्या जोडलेला असतो आणि आपला हात 45 सेंटीमीटरवर असतो. अडकित्त्यात सुपारी खिळीच्या जवळ धरतात, तशीच ही मांडणी आहे. हाताने 24 किलोचा जोर दिला की दट्ट्यावर त्याच्या पंधरापट, म्हणजे 360 किलोचा जोर पडतो. हा दट्ट्या 1 सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर त्याखालच्या तेलात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 458 किलो इतका दाब निर्माण होतो. ट्रकच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या तो पन्नासपटीहून अधिक आहे.

पुढचे काम तेलाचे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडला आणि त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तोच दाब 4 सेंटीमीटर व्यासाच्या मोठ्या दट्ट्याखाली पोहोचला की तेथे क्षेत्रफळ सोळापट असल्यामुळे जोरही सोळापट होतो, आणि 360 किलोचे 5760 किलो होतात. तरफेचे पंधरा आणि तेलाचे सोळा यांचा गुणाकार 240 होतो. घर्षणामुळे प्रत्यक्षात हाताला 24 ऐवजी तीसएक किलोचा जोर द्यावा लागेल, एवढाच फरक.

नियम माहीत होऊनही यंत्र तयार व्हायला शतकाहून अधिक काळ गेला, आणि त्याचे कारण मला या साऱ्या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे, पेटंट घेतले, पण इतक्या दाबाखाली दट्ट्याच्या कडेने होणारी गळती थांबेना. सील घट्ट आवळावे तर दट्ट्याच अडकून बसे. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले या कारागिराला ज्या उपायाचे श्रेय दिले जाते, तो म्हणजे वाटीसारख्या आकाराचे चामडी सील. दाब वाढला की वाटीची कड आपोआप भिंतीवर अधिक घट्ट दाबली जाते, आणि दाब सुटला की ती सैल होते. आजच्या जॅकमधील रबरी सील याच तत्त्वावर चालते, आणि खानदेशातील जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची 170 किलोची गाठ बांधणारा प्रेस याच घराण्यातला आहे.

आता वेळेचा प्रश्न. जोर 240 पट झाला, तर अंतर तितक्याच पटीने घटते. हँडलचे टोक 30 सेंटीमीटर खाली आले की ट्रक फक्त सव्वा मिलिमीटर वर जातो, म्हणजे 10 सेंटीमीटर उचलायला हँडल 80 वेळा मारावे लागते. जॅक मोठा आणला तरी यातून सुटका नाही. पावणेसहा टन 10 सेंटीमीटर वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा साधारण 5600 ज्यूल आहे, आणि धडधाकट माणूस सलग काम करताना सुमारे 75 वॅट शक्ती देऊ शकतो. भागाकार केला तर 75 सेकंद येतात. घर्षण अजिबात नसलेल्या जॅकलाही एका माणसाच्या हाताने एवढा वेळ लागेलच.

मग जास्तीचा वेळ जातो कुठे? तो जातो रिकाम्या उचलीत. जॅकचे डोके आणि आस यांच्यात 8 सेंटीमीटर फट असेल, तर 64 वेळा हँडल मारूनही ट्रक तसूभरही हललेला नसतो. म्हणूनच बाटली जॅकच्या डोक्यात आट्यांचा स्क्रू दिलेला असतो. तो हाताने फिरवून आधी आसाला टेकवावा आणि मगच हँडल मारावे. जॅक चेसिसखाली लावण्याची चूकही अशीच महाग पडते, कारण तेथे स्प्रिंगचे पाटे सैल होईपर्यंत चाक जागचे हलत नाही. जॅक आसाखालीच हवा.

याउलट टायर पूर्ण बसल्यामुळे आस इतका खाली येतो की कधीकधी जॅक आत शिरतच नाही. गाडी रिकामी किंवा हलकी असेल, तर येथे पहार उपयोगी पडते. दीड मीटरच्या पहारीला टोकापासून 10 सेंटीमीटरवर टेकू दिला, तर हाताकडची बाजू भाराकडच्या बाजूच्या चौदापट होते, आणि दोघांनी मिळून 100 किलोचा जोर दिला की 1400 किलो उचलले जातात. भरलेला ट्रक याने उचलला जाणार नाही, पण रिकाम्या ट्रॉलीसाठी किंवा बैलगाडीसाठी पहारीच्या एका दाबात चार सेंटीमीटर मिळतात, आणि हलक्या भारापुरती ती जॅकपेक्षा कितीतरी वेगवान ठरते.

खानदेशात आणखी एक अडचण पायाखाली असते. 10 गुणिले 12 सेंटीमीटरच्या जॅकच्या बुडाखाली दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 48 किलो भार येतो. काळी माती कोरडी असतानाही दीड किलोच्या आसपासच भार सुरक्षितपणे पेलते आणि पावसाळ्यात त्याहून बरीच कमी. साइडपट्टीवर जॅक तसाच ठेवला तर ट्रक वर जाण्याऐवजी जॅक जमिनीत जातो. 60 गुणिले 70 सेंटीमीटरचे जाड, न वाकणारे लाकूड खाली दिले तर तोच भार 1.4 किलोपर्यंत उतरतो. ओल्या मातीत याहूनही मोठे लाकूड घ्यावे.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचे तापमान 45 अंशांच्या पुढे जाते, तेव्हा तेल पातळ होते आणि झिजलेल्या सीलमधून ते हळूहळू निसटून जॅक खाली बसू लागतो. त्यामुळे इतर चाकांना दगड लावणे आणि आस जसजसा वर येईल तसतसे त्याखाली लाकडी ठोकळे सरकवत जाणे, यात वेळ गेला तरी तो द्यायलाच हवा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. ट्रक उतरवताना मात्र कोणाला शक्ती पुरवावी लागत नाही. सोडझडप उघडली की ट्रकचे वजनच तेलाला टाकीत परत ढकलते आणि ते 5600 ज्यूल झडपेच्या अरुंद वाटेत उष्णता होऊन जातात; म्हणून ही झडप पाव फेऱ्याहून कमी आणि अगदी सावकाश उघडावी.