वैकुंठ स्मशानभूमी (पुणे)

पुणे महानगरपालिकेची प्रमुख दहनभूमी. मुठेच्या उजव्या तीराकडील नवी पेठेत, लालबहादूर शास्त्री रस्त्यालगत. लाकडाच्या चितेसाठी छपराखालचे ओटे, विद्युतदाहिनी व गॅसदाहिनी अशा तिन्ही सोयी येथे आहेत.

‘स्मशान’ (सं. श्मशान) शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या तेराव्या कांडात तो ‘शवान्न’ (शवांचे अन्न) या शब्दाशी जोडला आहे. यास्काने निरुक्त या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथात ‘श्म’ म्हणजे शरीर असा अर्थ देऊन ‘श्मशयन’ अशी फोड केली आहे. ‘शव + शयन’ ही प्रचलित फोड सोपी असली, तरी ध्वनिदृष्ट्या अवघडच. काही आधुनिक अभ्यासकांना ‘अश्म + शयन’, म्हणजे दगडांची शय्या, ही व्युत्पत्ती अधिक संभाव्य वाटते. शतपथात श्मशान म्हणजे अस्थींवर रचायचा मातीचा उंचवटा. ते लक्षात घेता हे मत सहज टाकून देता येत नाही. पाली ‘सुसान’, प्राकृत ‘मसाण’ आणि मराठी ‘मसण’, ‘मसणवटा’ ही याच शब्दाची रूपे.

पेशवाईत शनिवार पेठेतील ओंकारेश्वराजवळचा नदीकाठ दहनासाठी वापरात होता. मंदिराचे बांधकाम इ. स. १७३६ ते १७३८ च्या सुमाराचे मानतात; चिमाजी आप्पांची (मृत्यू १७४०) समाधी तेथेच आहे. तेथील दहन विसाव्या शतकात थांबले, दशक्रियाविधी मात्र सुरू राहिले. मुळा-मुठा संगमाकडील दुसऱ्या स्मशानभूमीचे नाव ‘कैलास’. ही नावे वैष्णव-शैव जोडीची असली, तरी कोणाला कोठे न्यायचे हे घराच्या पत्त्यावरून ठरते.

दहनापूर्वी डॉक्टरांचा दाखला दाखवून महापालिकेचा मृत्यू पास घ्यावा लागतो. मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांत करायची असते.

कर्ता, म्हणजे अंत्यविधी करणारा, खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन चितेभोवती अप्रदक्षिणेने (उलट दिशेने) फिरतो आणि दर फेरीस त्या मडक्याला दगडाने भोक पाडतात. हा दगड म्हणजे अश्मा, बोलीत जीवखडा. तो दहा दिवस जपून त्यावर तिलांजली देतात. वर सांगितलेल्या ‘अश्म’ व्युत्पत्तीला हा पुरावा ठरत नाही. साम्य नोंदवण्याजोगे आहे, इतकेच. दाहिनीत दहन असले, तरी मडके व अश्मा सुटत नाहीत. लाकडी चितेची राख सहसा तिसऱ्या दिवशी सावडतात. दाहिनीतील अस्थी पुष्कळदा त्याच दिवशी मिळतात.

अग्नी दिल्यावर मंडळी लगेच पांगत नाहीत. पायऱ्यांवर, कट्ट्यांवर बसून राहतात. मृत व्यक्ती सार्वजनिक जीवनातील असेल, तर तेथेच श्रद्धांजलीची भाषणे होतात. भीमसेन जोशी (२०११) व बाबासाहेब पुरंदरे (२०२१) यांच्यावर येथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. करोनाकाळात २०२१ मध्ये दहनांची संख्या वाढली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी धुराबद्दल तक्रारी केल्या होत्या.

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतात. मृताची राहिलेली इच्छा पुरी करण्याचे वचन नातलग मोठ्याने देतात. तरीही कावळा शिवला नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि जीवखडा पाण्यात सोडतात.