ज्वारीतली सीडी आणि कपाटातला हात

ज्वारी दाण्यावर आली की बाबा वावरात जुन्या सीड्या टांगतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शिवारात आता ज्वारी पेरणारे कमी राहिले, जिकडेतिकडे कपाशी, तूर, सोयाबीन. घरच्या भाकरीपुरती दोन-चार तासं (ओळी) बाबा पेरतातच, आणि आजूबाजूला दुसरी ज्वारी नाही म्हणून सगळे पोपट आमच्याच कणसांवर उतरतात. मग बांबू रोवायचे, सुतळीने सीड्या बांधायच्या. वाऱ्याने त्या गरगर फिरतात, ऊन इकडेतिकडे फेकतात, पाखरं बिचकतात. आठ-दहा दिवसांनी जागा बदलावी लागते. "रोज एकाच जागी लटकते, मंग पाखराइले ओयखीची होऊन जाते," असं बाबांचं म्हणणं.

गेल्या वर्षी टांगायच्या ढिगात मला ताईच्या लग्नाची सीडी सापडली. २००६ सालची, वर स्केचपेनने तारीख लिहिलेली. टिनाच्या घरात, लोखंडी पेटीत तिने इतके उन्हाळे काढले होते. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातली तर नुसती घरघर, चित्र काही येईना. मी नागपुरात सहा वर्षं डिस्क सांभाळणाऱ्या एका यंत्राची देखभाल केली आहे, त्यामुळे त्या घरघरीचा अर्थ मला लगेच कळला. ड्राइव्हमधलं लेसरचं भिंग सीडीवरची ओळ शोधत होतं आणि त्याला ती सापडत नव्हती.

ही ओळ म्हणजे काय, ते वावरातच बघता येतं. सीडी उन्हात धरा. तिच्यावर जे इंद्रधनुष्य दिसतं तो कुठला रंग नव्हे. सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच वळणदार ओळ असते आणि तिच्या शेजारशेजारच्या वेढ्यांत १.६ मायक्रॉनचं अंतर असतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इतक्या बारीक, सारख्या रेघांवरून ऊन परत फिरताना प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो. आता शेजारी डीव्हीडी धरा. तिच्या रेघा ०.७४ मायक्रॉनवर, त्यामुळे रंग जास्त फाकलेले दिसतात. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कच्या रेघा ०.३२ मायक्रॉनवर. त्या इतक्या जवळ की डिस्क सरळ धरली तर इंद्रधनुष्य उमटतच नाही, फार तिरकी केली तरच एखादी झाक दिसते. कापसाचा एक तंतू साधारण पंधरा मायक्रॉन जाड असतो. त्या एका तंतूच्या रुंदीत सीडीच्या नऊ ओळी बसतात आणि ब्लू-रेच्या सेहेचाळीस. सीडीची ओळ उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर जाईल.

अशा डिस्क हजारोंनी जपायच्या असतील, तर माणसाने कपाट उघडून शोधत बसणं परवडत नाही. त्यासाठी जे यंत्र लागतं त्याला डिस्क लायब्ररी म्हणतात, किंवा नाणं टाकून गाणं लावणाऱ्या जुन्या पेटीवरून ज्यूकबॉक्स. इस्पितळांतले एक्स-रे, बँकांतल्या चेकच्या प्रतिमा, सरकारी दस्त अशा यंत्रांत ठेवले जात. माझ्या हाताखालचं यंत्र माणसाएवढ्या उंचीच्या कपाटाएवढं होतं. दोन्ही बाजूंना खाचांचे उभे रकाने, तळाशी चार ड्राइव्ह, आणि मधल्या अरुंद बोळात खांबावर वरखाली सरकणारा एक यांत्रिक हात. संगणकाने डिस्क मागितली की हात त्या खाचेसमोर जातो, डिस्कची कड चिमटीत धरतो, ओढून घेतो, ड्राइव्हच्या उघड्या ट्रेवर ठेवतो आणि बाजूला होतो. काम झालं की तीच डिस्क त्याच खाचेत परत. लिहिलेल्या पृष्ठभागाला तो कधीच शिवत नाही. काच लावलेल्या दारातून ते पाहत मी कितीदा जेवणाची सुट्टी घालवली आहे.

हाताला जागा कशी कळते? त्याच्याकडे डोळा नसतो, असते ती मोजणी. मोटर एका फेऱ्याचे दोनशे टप्पे करते. फेऱ्यामागे हात आठ मिलिमीटर चढत असेल, तर एका टप्प्याला तो ०.०४ मिलिमीटर सरकतो. त्र्याण्णवावी खाच म्हणजे तळापासून इतके टप्पे, हे यंत्राच्या स्मरणात असतं. पण मोजणी कुठून सुरू करायची? त्यासाठी खांबाच्या तळाशी एक छोटा प्रकाशद्वार असतो: एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा तुकडा. हाताला लावलेली पत्र्याची जीभ त्यांच्यामध्ये शिरली की प्रकाश अडतो आणि यंत्राला शून्य सापडतं. सुरू झाल्यावर हात सगळ्यात आधी खाली जाऊन हे शून्य गाठतो.

आणि इथे आपला विदर्भातला उन्हाळा मध्ये येतो.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. लोखंडी धाव भट्टीत लाल करतात, ती फुगते, लाकडी चाकावर बसते, वर पाणी ओतलं की आवळते. धातू तापला की वाढतो. ॲल्युमिनियमचा एक मीटर लांबीचा खांब एका अंशाला २३ मायक्रॉन वाढतो. आमच्या यंत्राचा खांब १.८ मीटरचा होता. डिसेंबरच्या पहाटे खोलीत १२ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी एसी बंद पडल्यावर ४५ अंश, असं धरलं तर फरक ३३ अंशांचा. गुणाकार केला की खांबाची वाढ निघते जवळजवळ १.४ मिलिमीटर. डिस्कची जाडी १.२ मिलिमीटर! म्हणजे हिवाळ्यात पाठ केलेली जागा उन्हाळ्यात अख्ख्या डिस्कभर चुकते. हात वरच्या खाचांपाशी गेला की चिमटी डिस्कच्या कडेवर न जाता तिच्या पाठीवर घासते. एका मे महिन्यात हे माझ्यासमोर घडलं. सगळ्यात वरच्या खाचांतल्या तीन डिस्कवर एकाच ठिकाणी अर्धचंद्रासारखा ओरखडा होता, आणि खालच्या खाचांत मात्र सगळं ठीक. तळाजवळ खांबाची वाढ जेमतेम असते, वर जाईल तशी ती साठत जाते. ओरखडे वरच का, हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. तो धाव आठवल्यावर सुटला.

त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. खूण तळाला एक आणि माथ्याला एक ठेवायची. दोन्ही खुणांमध्ये किती टप्पे भरले ते यंत्राने ठराविक वेळाने पुन्हा मोजायचं आणि मधल्या सगळ्या खाचांच्या जागा त्या प्रमाणात नव्याने काढायच्या. चांगली यंत्रं हे आपणहून करतात. आमच्या यंत्रात ते होतं, पण फक्त चालू करतानाच, आणि यंत्र महिनोन्‌महिने बंद होत नसे. त्यानंतर मी रोज दुपारी दोन वाजता ही मोजणी करायचं वेळापत्रक घातलं.

वीज गेली तर? डिस्क तोंडात धरून हात मध्येच थांबतो. म्हणून चिमटी स्प्रिंगने बंद राहणारी असावी लागते, म्हणजे उघडायला वीज लागेल, धरून ठेवायला नाही. वीज आल्यावर हात आधी स्वतःच्या तोंडात काही आहे का ते तपासतो, मग शून्य शोधायला निघतो. हा क्रम उलटा झाला तर डिस्क मोडलीच समजा. बाकी भारनियमनाच्या प्रदेशात या कपाटाची बाजू भक्कम आहे, कारण खाचेत बसलेल्या डिस्कला वीज लागतच नाही. जानेवारी २०१४ मध्ये फेसबुकने क्वचितच उघडल्या जाणाऱ्या फोटोंसाठी असं एक कपाट दाखवलं होतं: दहा हजार ब्लू-रे डिस्क आणि एकूण एक पेटाबाइट (दहा लाख जीबी), म्हणजे डिस्कमागे शंभर जीबी. आज मोठ्या संग्रहांत चुंबकीय फितीचाच वापर जास्त आहे, पण तिथेही हात, खाचा आणि मोजणी हीच.

आता हाताने डिस्क ट्रेवर ठेवली. त्याची अचूकता मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची, आणि ओळी आहेत ०.३२ मायक्रॉनवर. ही दरी भरते कशी? आधी ड्राइव्हमधला निमुळता शंकू डिस्कच्या पंधरा मिलिमीटरच्या भोकात शिरतो आणि तिला ढकलून मध्यावर आणतो. तरी थोडं राहतंच. भोक केंद्रापासून फक्त ३२ मायक्रॉन सरकलेलं असलं, तर प्रत्येक फेऱ्याला ओळ शंभर ओळींइतकी डावीकडे आणि शंभर ओळींइतकी उजवीकडे झुलते. शेवटची दुरुस्ती भिंगाची.

डवरणीत, म्हणजे उभ्या पिकातलं तण काढायला डवरं चालवताना, बैल तासांमधून ढोबळमानाने सरळ चालतात. पण पीक खुडलं जात नाही ते रुमण्यावरच्या, म्हणजे डवऱ्याच्या मुठीवरच्या, हातामुळे. फास (डवऱ्याचं पातं) रोपाकडे झुकायला लागला की हात क्षणात तो दुसरीकडे दाबतो. भिंगाचं काम हेच. ते बारीक तारेच्या वेटोळ्यांवर आणि चुंबकांमध्ये तरंगत असतं. डिस्कवरून परतलेला लेसर चार भागांत चिरलेल्या एका प्रकाशपटलावर पडतो. अंतर बरोबर असेल तर ठिपका गोल, भिंग जवळ गेलं तर एका तिरप्या दिशेला लांबट, दूर गेलं तर दुसऱ्या. समोरासमोरच्या भागांतला फरक पाहून वेटोळ्यातली वीज कमीजास्त होते आणि भिंग सावरतं. बाजूला सरकण्यासाठीही अशीच जोडव्यवस्था. सेकंदाला हजारो वेळा हे चालू असतं. मला या सगळ्या यंत्रात हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. हात ढोबळ, शंकू त्याहून बारीक आणि भिंग सगळ्यात बारीक. पहिल्याने स्वतःच्या मापात चूक केली नाही तरच पुढच्याला आपलं काम करता येतं.

ताईच्या सीडीत भिंगाचा दोष नव्हता. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेली असते. उष्णतेने आणि उजेडाने तो थर विटतो, लिहिलेलं आणि कोरं यांतला फरक पुसट होत जातो. बऱ्याच ब्लू-रे डिस्कमध्ये त्या जागी धातूसारखा अजैविक थर असतो, तो जास्त टिकतो. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेलं गणित सीडीत वापरलं आहे. त्यामुळे ओळीतला अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा नाहीसा झाला तरी उरलेल्यावरून तो जसाच्या तसा भरून काढता येतो. पण सगळीकडेच थोडंथोडं विटलं की गणितही थकतं.

आणि धोका असा की थकेपर्यंत वरून काहीच कळत नाही. चित्र स्वच्छ दिसत असतं, आत दुरुस्त्या वाढत असतात. लायब्ररीचं यंत्र हा आकडा पाहू शकतं. रिकाम्या वेळात ते एकेक डिस्क काढून वाचतं, किती चुका दुरुस्त कराव्या लागल्या ते नोंदवतं, आणि आकडा चढू लागला की मजकूर नव्या डिस्कवर उतरवून घ्यायला सांगतं. शंभर जीबीची एक डिस्क पूर्ण वाचायला दीड तास धरला, तर दहा ड्राइव्हवर दहा हजार डिस्कची एक फेरी दोन महिन्यांत होते. आजी ढोल्यातलं धान्य मधूनमधून काढून पाहायची, किडा दिसला की सगळं उन्हात घालायची. तोच हा खटाटोप.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं, दंडार या लोकनाट्याचं, गावोगावच्या भजनी मंडळांचं किती चित्रण अशा सुट्या सीड्यांवर पडून आहे, ते मला नुसतं आठवलं तरी अस्वस्थ व्हायला होतं. ती वाचून बघणारा कुठलाच हात नाही. पेटीतल्या सीडीला कुणी विचारत नाही की तुझा आकडा किती झाला.

ताईची सीडी मी नागपूरला नेली आणि जुन्या, दणकट ड्राइव्हमध्ये सगळ्यात कमी वेगावर लावली. वेग कमी असला की भिंगाला सावरायला सवड मिळते. एकच तुकडा चार-चार वेळा वाचून घेतला. तीन रात्री गेल्या. वरातीचा भाग गेलाच, तो बाहेरच्या कडेला होता. पण सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे सुरुवातीची अडतीस मिनिटं निघाली. त्यात हळदीच्या मांडवात आजी गाते आहे, पूर्ण गाणं. बाबांनी ते मोबाइलवर दोनदा ऐकलं आणि वावरात टांगलेल्या बाकीच्या सीड्याही उतरवून आणायला मला सोबत घेऊन निघाले.